रांजणातली खोटारडी

मी एक पांढरी वाइन बोलतेय, आणि आधीच सांगून टाकते, मला आजवर कोणी पेल्यात ओतून प्यायलेलं नाही. वाइनच्या तोंडी हे बोलणं शोभत नाही, कळतं मला. पण जे झालं ते झालं, आणि ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

आमच्या काल्चाकी खोऱ्यात मला खोटारडी म्हणतात. मला म्हणजे माझ्या अख्ख्या जातीला, तोर्रोंतेसच्या द्राक्षापासून होणाऱ्या झाडून सगळ्या वाइनला. रांजणाचं झाकण काढलं की मोगरा, गुलाब, पिकली द्राक्षं असा सगळा मिळून वास सुटतो, आणि माणसाला वाटतं आता तोंड गोड होणार. घोट घेतला की जिभेवर साखरेचा कणसुद्धा नाही. वर शेवटी किंचित कडवटपणा. नवखा माणूस पेल्याकडं बघतच राहतो. आता मला सांगा, गोडव्याचं वचन आम्ही कधी दिलं होतं? तुमच्या नाकानं परस्पर ठरवून टाकलं, त्याला आम्ही काय करणार.

आमची वस्ती पिएद्रा सोला. सहा घरं, एक देऊळवजा चर्च, बाकी सगळा डोंगर. समुद्रसपाटीपासून अडीच हजार मीटरच्या वर आहोत आम्ही, त्यामुळं सूर्य इथं जरा जास्तच जवळून बघतो. दुपारी ऊन मण्यांची साल भाजून काढतं, आणि सूर्य कड्यामागं गेला की तासाभरात माणसं डोक्यातून घालायचे लोकरी पोंचो अंगावर ओढतात. ह्या मारापासून वाचायला आमचे मणी साल जाड करतात, आणि माझा सगळा वास त्या सालीत असतो. फुशारकी म्हणून नाही सांगत मी. मला स्वतःलाच त्याचं अजून नवल वाटतं. खाली दगड आणि वाळू, चहूकडं माणसाहून उंच काटेरी निवडुंग, वर्षाला चार बोटं पाऊस, आणि त्यातून मोगऱ्याचा वास यावा? कुठून येतो तो? बाल्दोमेरा म्हणायची, धरणीमायच्या मनात येतं आणि ती देते. त्याहून बरं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

बाल्दोमेरा यापुरा ही माझी मालकीण. वय सत्तर, अंगानं काटकुळी, बोलणं मोजकं. तिच्या अंगणात जी वेल आहे ती माझी आई. एकच वेल, बरं का, पण तिच्या फांद्यांनी अख्ख्या अंगणावर मांडव धरलाय. बाल्दोमेराच्या नवऱ्याच्या, एलेउतेरिओच्या आजोबांनी ती लावली. खोड इतकं जाड की एलेउतेरिओनं मिठी मारली तर त्याची बोटं पलीकडं एकमेकांना लागत नसत. त्या खोडाकडं बघून मला कायम दडपायला व्हायचं. किती उन्हाळे, किती माणसं त्याच्या सालीखाली जिरली असतील, देव जाणे.

सेहेचाळीस वर्षं त्या घरात वाइन झाली आणि वरच्या-खालच्या वस्त्यांत ती एलेउतेरिओची वाइन म्हणून ओळखली गेली. द्राक्षं तुडवायची बाल्दोमेरा. रांजण धुवायची बाल्दोमेरा. कान लावून वाइन कुठवर आली ते सांगायची बाल्दोमेरा. नाव मात्र त्याचं. तिला त्याचं काही वाटत नसे, आणि वाटत असेल तर तिनं ते कधी कुणाला सांगितलं नाही.

मग एका ऑगस्टमध्ये, म्हणजे आमच्याकडच्या हिवाळ्यात, छाटणी चालू असताना, एलेउतेरिओ शिडीच्या वरच्या पायरीवर उभा होता आणि ती पायरी मोडली. तिसऱ्या दिवशी तो गेला. अर्धा मांडव छाटलेला आणि अर्धा तसाच राहिला.

मातीला मुलगा आला, रोसेन्दो. चव्वेचाळीस वर्षांचा. पार दक्षिणेकडं तेलाच्या विहिरींवर वीस वर्षं नोकरी, त्या वीस वर्षांत घरी तीनदा आलेला. ह्या खेपेला आला तो राहिलाच. आईला एकटं सोडायला त्याचं मन धजेना. पण मांडवाखालून तो चालत नसे. घरात शिरायचं तर मागच्या कोंबड्यांच्या दारानं शिरायचा. आणि एक दिवस सकाळीच तो कुऱ्हाडीला धार लावून घेऊन आला. बाल्दोमेरा उंबऱ्यात मक्याचे दाणे सोलत बसली होती.

"आई, ही वेल काढू या. इथं मिरची लावतो मी. लाल मिरची जमिनीवर वाळते, तिला शिडी लागत नाही."

"वेलीनं काय वाकडं केलंय तुझं?"

"बाबा हिच्यापायी गेले."

"शिडीवरून पडले ते."

"आणि शिडी कुणासाठी लावली होती?"

  बाल्दोमेरानं हातातलं अख्खं कणीस सोलून संपवलं, दाणे टोपलीत टाकले, आणि मग म्हणाली, मला एक वाइन करू दे. एकच. पहिली ऑगस्टला रांजण उघडू, तू चाख. वाइन वाइनसारखी झाली असेल तर वेल राहील. आंबट झाली, गोड राहिली, कशीही बिघडली, तर ही कुऱ्हाड मी माझ्या हातानं तुला देईन आणि पुन्हा नाव काढणार नाही.

रोसेन्दोनं विचारलं, चाखणार मीच? ती म्हणाली, तूच. बापाची जीभ आहे तुझ्या तोंडात, तिला खोटं बोलता येत नाही.

त्यानं कुऱ्हाड घरात नेऊन ठेवली. म्हणजे बघा, मी अजून जन्मलेही नव्हते, आणि माझ्या आईचा जीव माझ्यावर येऊन बसला होता.

पहिली ऑगस्टच का, ते सांगायला हवं. त्या दिवशी आमच्याकडं धरणीमायचं, पाचामामाचं तोंड उघडतं. अंगणातला खड्डा उघडून आधी तिला जेवू घालायचं, तिला पाजायचं, मग आपण. नवी वाइन तिच्या आधी कुणी ओठाला लावत नाही. वास घ्या, कान लावा, पण चाखायचं नाही. बाल्दोमेरानं त्या दिवसाआधी आयुष्यात कधी चाखली नव्हती आणि कुणाला चाखू दिली नव्हती.

नोव्हेंबरात वेल फुलली. अर्धा मांडव छाटलेला नसल्यामुळं त्या बाजूला नुसता काड्यांचा गुंता आणि मूठभर घड. छाटलेल्या बाजूला मात्र घड भरले. फेब्रुवारी संपता संपता मणी पिवळे व्हायला लागले, आणि नेमका त्या वर्षी कार्निव्हल, म्हणजे आमचा नाचगाण्याचा सण, आला उशिरा, मार्चात, द्राक्षं उतरवायच्या ऐन वेळी.

आमच्याकडं कार्निव्हलच्या शनिवारी वस्तीबाहेरच्या दगडांच्या ढिगाऱ्याखालून चिंध्यांचा बाहुला उकरून काढतात. पुढच्या रविवारी त्याला रडत-ओरडत पुन्हा पुरतात. मधले नऊ दिवस कुणी फावडं धरत नाही, कात्री धरत नाही, पाटाचं पाणी फिरवत नाही. तोंडाला पीठ, कानामागं तुळशीसारख्या वासाची हिरवी डहाळी, आणि दिवसभर डफ. काम केलं तर बाहुला रागावतो, आणि तो रागावला तर वर्ष वाया जातं.

रोसेन्दो वीस वर्षं घड्याळाच्या काट्यावर जगलेला माणूस. तो आला, दोन मणी बोटात चिरडले आणि म्हणाला, आजच उतरवायला हवीत. पाटी घेतली, कात्री घेतली. बाल्दोमेरा दुखवट्यात होती, काळ्या कपड्यांत, तिनं ना पीठ फासलं होतं ना ती नाचायला गेली होती. तरी ती मांडवाखाली जाऊन उभी राहिली. म्हणाली, बाहुला वर आहे तोवर कात्री खाली.

"नऊ दिवसांत मनुका होतील ह्यांच्या."

"होऊ देत."

"मग वेल गेली समज. नंतर मला बोल लावायचा नाही."

"नाही लावणार."

त्यानं कात्री आपटली आणि निघून गेला. आता ज्याला वेल तोडायची आहे त्यानं द्राक्षं वाचवायला एवढं का तडफडावं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही. मी कच्ची होते.

दालमिरा मात्र मजेत होती. दालमिरा म्हणजे एलेउतेरिओची धाकटी बहीण, रोसेन्दोची आत्या, साठीच्या पुढची, पण जीभ धारदार आणि गळा त्याहून. भावाला रडका कार्निव्हल आवडायचा नाही, म्हणून त्याच्याच दारात येऊन रोज डफ वाजवीन असं तिनं जाहीर केलं होतं. पिठानं माखलेलं तोंड घेऊन ती मांडवाखाली उभी राहायची आणि जागच्या जागी गाणं जुळवायची:

"मणी म्हणे उन्हाला, नको रे इतका तापू,
बाहुला थोडा दमू दे, मग घड आपण कापू."

ऊन कुठलं ऐकतंय. नऊ दिवस ते माझ्यात साखर ओतत राहिलं. गांधीलमाश्या आल्या, पाखरं आली. काही मणी सुरकुतले, काहींवर तांबूस डाग पडले. माझ्याच अंगात एवढा जोर भरताना बघून मला भीतीही वाटत होती आणि अभिमानही. एवढं ऊन कुणाच्या वाट्याला येतं?

बाहुला पुरला आणि सोमवारी सकाळी कात्र्या लागल्या. रोसेन्दो पाट्या वाहत होता, पण शिडीला त्यानं हात लावला नाही, आणि बाल्दोमेरालाही लावू दिला नाही. वरचे घड पाखरांना राहिले. जे हाताला आलं त्यात एक रांजण भरेल एवढंच होतं. एरवी तीन भरत.

आमच्याकडं द्राक्षं तुडवायला बैलाचं अख्खं कातडं चार खांबांना बांधतात, झोळीसारखं. त्यात दोघी उतरल्या, घागरे गुडघ्यावर खोचून, एकमेकींच्या खांद्याला धरून. दालमिरा म्हणाली, वहिनी, पाय उचल, कार्निव्हलला नाचली नाहीस ते आता नाच. बाल्दोमेरा म्हणाली, तू आधी माझ्या पायावरून उतर. मग दोघींना हसू आलं. एलेउतेरिओ गेल्यापासून बाल्दोमेरा पहिल्यांदा हसली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं, पण पाय काही थांबले नाहीत. दालमिरानं तिला तशीच धरून ठेवली. त्या दोघींच्या टाचांखाली मी मण्यांतून बाहेर आले.

रांजणात साखरेचं मद्य होताना मी उकळायला लागले ते साधंसुधं नाही. एवढी साखर अंगात, मला आवरेना. बाल्दोमेरा रोज सकाळी रांजणाला कान लावायची आणि कुणीतरी गोष्ट सांगत असल्यासारखी ऐकत राहायची. पण बाराव्या दिवशी वरच्या शिखरांवरून थंडी उतरली. एप्रिल लागायच्या आधीच अंगण दहिवरानं पांढरं झालं. आणि मी थांबले. माझ्या पोटातला आवाज बंद झाला.

मी अर्धीच झाले होते. अर्धी साखर तशीच. अहो, ज्या जातीवर खोटेपणाचा शिक्का आहे, त्या जातीतली मी, चक्क वासाला गोड आणि चवीलाही गोड, म्हणजे खरी व्हायला निघाले होते. एरवी मला हसू आलं असतं. पण गोड राहिले तर कुऱ्हाड, हे मला ठाऊक होतं.

बाल्दोमेरानं कान लावला, काढला, पुन्हा लावला. तिचा चेहरा उतरला. तिनं नवऱ्याचे दोन पोंचो आणून रांजणाला गुंडाळले. काही झालं नाही. दालमिरा म्हणाली, गेली ही, वहिनी, आता एक तर गोड राहील नाही तर आंबेल.  दुपारी बाल्दोमेरा मेंढ्यांच्या वाड्यात गेली आणि पाट्या भरभरून लेंड्या आणायला लागली.

ओल्या लेंड्यांच्या ढिगात ऊब धरते, हे तिला माहीत होतं. तिनं माझ्या रांजणाभोवती गळ्यापर्यंत लेंडीखत रचलं. मला, जिच्या वासानं माणसं डोळे मिटतात तिला, मेंढ्यांच्या लेंड्यांत बसवलं. मी किती फणफणले म्हणून सांगू. रोसेन्दो दारात उभा राहून बघत होता. त्यानं विचारलं, ह्याला वाइन म्हणायचं? ती म्हणाली, ऑगस्टला सांग.

पण दुसऱ्या दिवसापासून एक गोष्ट मला कळली. ती उठून यायच्या आधीच कुणीतरी थंड झालेला थर काढून ताजा रचून जात होतं. फावड्याचा जोर सत्तरीच्या बाईचा नव्हता. बाल्दोमेरानं विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. पाचव्या दिवशी माझ्या पोटात एक बुडबुडा उठला, मग दुसरा. तिनं कान लावला आणि ती तिथंच, त्या लेंड्यांच्या ढिगावर, मटकन बसली.

पुढं मी पूर्ण झाले की नाही, हे मी तुम्हाला सांगू शकते, पण तेव्हा त्यांना कुणालाच माहीत नव्हतं. रांजणाच्या तोंडाला फडकं बांधून वर माती लिंपली. तो हिवाळा कोरडाच गेला. पाऊस नाही, शिखरांवर बर्फसुद्धा नाही. पाटाचं पाणी आटलं, जमीन टाचेखाली वाजायला लागली. मेंढ्या रोज आणखी वर नेल्या जात. आत अंधारात माझा गाळ खाली बसत गेला आणि मी निवळत गेले.

पहिली ऑगस्ट उजाडली. सकाळीच सगळी वस्ती अंगणात जमली. वेलीच्या बुंध्याशी जो खड्डा आहे, त्याच्यावरचा दगड सरकवला. पुरुषांनी टोप्या काढल्या. दोघं-दोघं जाऊन गुडघ्यावर बसायचे, दोन्ही हातांनी शिजवलेला मका, मेंढीचं मटण, चघळायची कोकाची पानं खड्ड्यात सोडायचे, पेटवलेली सिगारेट मातीत खोचायचे आणि धरणीमायशी हळू बोलायचे. कुणी पाऊस मागितला, कुणी नातवाचा पाय बरा व्हावा म्हणून मागितलं. मी रांजणात असून मला तो दबलेला आवाज ऐकू येत होता. एवढे मोठे डोंगर उशाला असताना माणसं खाली जमिनीशी बोलतात, ह्याचं मला फार वाटतं. रोसेन्दो भिंतीला टेकून उभा होता, टोपी डोक्यावरच.

मग बाल्दोमेरानं रांजणाचं लिंपण फोडलं.

वास सुटला तशी बोलणी थांबली. मी खोटं नाही सांगत, एक म्हातारा रडायलाच लागला. पण वासावर आमच्या खोऱ्यात कुणी विश्वास ठेवत नाही. सगळ्यांच्या नजरा रोसेन्दोच्या तोंडाकडं, आणि बाल्दोमेराची नजर खड्ड्याकडं. तिनं तांब्या भरला, गुडघे टेकले आणि म्हणाली, पी माय, तुझंच आहे.

तांब्याभर वाइन मातीनं एका घोटात ओढली. थेंब उरला नाही.

रीत अशी आहे की धरणीमायचं पोट भरेपर्यंत ओतायचं. वाइन खड्ड्यात साचून राहिली, वर बुडबुडे आले, की ती तृप्त झाली. एरवी तिसऱ्या-चौथ्या तांब्याला ती भागते. त्या दिवशी चार झाले, सहा झाले, दहा झाले. माती पितच होती. रांजणाभोवतीच्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. दालमिरा पुढं वाकून कुजबुजली, वहिनी, पुरे कर, चाखायला ठेव.

बाल्दोमेरानं मागं वळूनही बघितलं नाही.

"पितेय ती अजून. पिणाऱ्याच्या तोंडातून भांडं काढू?"

आणि ती ओतत राहिली. तिचे ओठ हलत होते, ती कुठल्या तरी वेगळ्याच ठिकाणी होती. तांब्या तळाशी पोचेना तेव्हा दोघांनी रांजण उचलून कलता केला. तिला अडवायची कुणाची छाती झाली नाही, कारण तिथं जमलेल्यांपैकी प्रत्येकानं तेच केलं असतं.

मी खाली गेले. काय सांगू तुम्हाला खाली काय होतं. मला वाटलं होतं अंधार असेल, दगड असतील. तिथं तहान होती. एवढी मोठी, एवढी जुनी तहान की माझ्यासारखे हजार रांजण तिला पुरले नसते. आणि तरी तिनं मला प्रत्येक थेंबासकट घेतलं, कण न् कण ओला केला. मी कुणाच्या पेल्यात शोभायला झाले होते, अशी माझी समजूत होती. त्या तहानेपुढं मला माझी लाज वाटली.

वर रांजण रिकामा होता. बाल्दोमेरा उठली, घागऱ्याला हात पुसले, आणि तेव्हा कुठं तिच्या लक्षात आलं. तिनं रांजणात डोकावलं. मग मुलाकडं बघितलं. 

ती घरात गेली आणि कुऱ्हाड घेऊन आली. दांडा त्याच्याकडं करून तिनं ती पुढं धरली.

"शब्द दिला होता मी. चाखायला काही राहिलं नाही, ती चूक माझी. घे."

दालमिरा म्हणाली, अगं, वेडी की खुळी तू. पण बाल्दोमेरा हलली नाही. रोसेन्दोनं कुऱ्हाड घेतली.

वेलीच्या बुंध्याशी तो पहिल्यांदाच एवढ्या जवळ आला होता. खोडाकडं बघत तो उभा राहिला.  मग त्यानं कुऱ्हाड खाली ठेवली, टोपी काढून तिच्यावर ठेवली, आणि खड्ड्यापाशी गुडघे टेकले. हात कोपरापर्यंत आत घातला, तळाची ओली माती मूठभर काढली आणि तोंडात घातली.

बायकांच्या तोंडून आवाज फुटला. दिलेलं परत घ्यायचं नसतं. धरणीमायच्या तोंडातला घास काढायचा नसतो. असं आमच्या वस्तीत कुणी केलेलं कुणाला आठवत नाही. एकानं त्याला धरायला हात पुढं केला, तो दालमिरानं मागं ढकलला.

त्याच्या दाताखाली वाळू करकरत होती. आणि त्या वाळूत मी होते. ती एक जीभ, बस. त्या जिभेवर मी होते तेवढी सगळी गेले. नऊ दिवसांचं ऊन, दोघींच्या टाचा, लेंड्यांची ऊब, काही लपवलं नाही. तो चावत राहिला. त्याच्या गालांवरून पाणी वाहायला लागलं आणि मातीत मिसळलं.

"गोड नाही," तो म्हणाला.

 त्यानं गिळलं.

"आणि बाबांची नाही ही, आई. चव तीच आहे, म्हणजे बाबांची ती कधीच नव्हती. ही तुझी आहे."

बाल्दोमेरा उभी होती ती खाली बसली, मातीतच. तिनं तोंडावर पदरासारखी काळी शाल ओढली आणि तिचे खांदे हलायला लागले. सेहेचाळीस वर्षांत तिला हे कुणी म्हटलं नव्हतं. दालमिरा तिच्या शेजारी टेकली. ती म्हणाली, मला माहीत होतं, पण माझा भाऊ होता ना, मी कशी बोलणार. मग त्या दोघी एकमेकींना धरून बसून राहिल्या.

रोसेन्दोनं खिशातून सिगारेटचं अख्खं पाकीट काढलं आणि खड्ड्यात सोडलं. तुझ्या तोंडातलं घेतलं, माफ कर, असं तो हळूच म्हणाला. ते मला ऐकू आलं, कारण तो माझ्याच दिशेनं बोलत होता. मग आईकडं वळून, तोंडातली वाळू पुसत, त्यानं विचारलं:

"छाटणी कधी घ्यायची? पण शिडीवर मी चढणार. तू खालून सांगायचंस."

आठ दिवसांनी छाटणी सुरू झाली. त्यानं नवी शिडी केली होती, प्रत्येक पायरीवर आधी आपण नाचून बघितलं होतं. मी खाली मातीत होते, मुळांच्या आसपास, आणि वरून मला दिवसभर बाल्दोमेराचा आवाज येत होता. एवढं बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. काडीवर दोन डोळे राखून काप. ती काडी नको, तिच्या खालची. अरे, विहीर खणतोयस का वेल छाटतोयस? दालमिरा म्हणे, वहिनी, जरा दम खा, पोरगं पळून जाईल पुन्हा दक्षिणेला. रोसेन्दो वरून म्हणाला, आत्या, पळायचं तर शिडीवरून उतरावं लागेल, आणि ती उतरू देत नाहीये.

सप्टेंबरात ऊन तापलं आणि मुळं जागी झाली. ती मला ओढायला लागली तेव्हा मी घाबरले नाही. छाटलेल्या वेलीला वसंतात पाणी सुटतं, प्रत्येक कापलेल्या टोकातून ते टपटपतं, आमच्याकडं त्याला वेलीचं रडणं म्हणतात. त्यात मी किती आणि आई किती, हे आता मलाही सांगता येणार नाही. बाल्दोमेरा सकाळी मांडवाखाली आली, एका टोकाखाली तळहात धरला, ते पाणी जमू दिलं, आणि आपल्या म्हाताऱ्या डोळ्यांना लावलं. मग दुसरा हात भरला आणि लेकाला हाक मारली.

मला आता निरोप द्या. वर कोंब फुटतायत आणि मला तिकडं जायचंय. तुमच्याकडं एवढंच मागणं आहे, एखाद्या वाइनची तारीफ कराल तेव्हा जरा थांबून विचारा, तुडवली कुणी होती, कान कुणी लावला होता. आणि जिनं केली ती समोर असेल, तर तिच्या जिवंतपणी तिला सांगा.